वारा नव्हता

चष्म्याच्या दुकानात खुर्चीवर बसलं की समोर अक्षरांचा तक्ता दिसायचा आणि तक्त्याच्या शेजारी तो फोटो. वरची ठळक अक्षरं धडाधड वाचून झाली, खालच्या बारीक ओळीपाशी गाडी अडली, की गिऱ्हाइकाची नजर हमखास शेजारी सरकायची. धुकं मधोमध फाटलेलं, खाली दरीत तळं, तळ्यावर उन्हाची एक तिरीप, आणि पाण्यात समोरचा डोंगर उलटा, एकही सुरकुती न पडता. फोटो क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

"हा कसा हो मिळाला तुम्हाला?" गिऱ्हाईक विचारायचं.

चष्मेवाला हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायचा. सांगायला त्याला कधीच कंटाळा येत नसे. "सगळे गाशा गुंडाळून गेले हो. दोन दिवस नुसतं धुकं. हात पुढे केला तर हात दिसेना. मी म्हटलं, थांबू या. निसर्गापुढे आपलं काय चालतं? थांबायचं, बस्स."

गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं आणि जरा महागातली फ्रेम घेऊन जायचं. इथवर सगळं ठीक होतं. पण गल्ल्यापाशी त्याची बायको बसलेली असायची, भिंगं पुसत, आणि तिला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

"माझ्या घोट्याने काढलाय तो फोटो," ती म्हणायची आणि शेजारची काठी फरशीवर आपटून दाखवायची. "मी तिकडे खाली पडून बोंबलतेय, आणि हे इकडे वर. वारा असा सुटला होता की यांना बिचाऱ्यांना काही ऐकूच गेलं नाही."

गिऱ्हाईक हसायचं, तीही हसायची. चष्मेवाला पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलून नसलेला स्क्रू पिळत बसायचा. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या. ते 'बिचाऱ्यांना' मात्र त्याला रोज नव्याने बोचत होतं.

क्लबात त्याला 'थांबासाहेब' म्हणत. हे नाव ठेवलं होतं क्लबातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी. डोंगरावर जायचं ठरलं की हवा बरोबर त्याच दिवशी रुसायची. बाकीचे सभासद तासाभरात नाकं मुरडायला लागायचे, कुणाला थंडी वाजायची, कुणाला घरची कामं आठवायची. चष्मेवाला कॅमेऱ्याच्या तिपाईला चिकटून म्हणायचा, "थांबा, उघडेल." दहापैकी नऊ वेळा उघडायचं नाही. मग डॉक्टर परतीच्या वाटेवर म्हणायचे, "थांबासाहेब, तुमच्यापेक्षा माझे पेशंट बरे. ते निदान तोंड उघडतात."

बायकोला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. पण प्रत्येक सहलीत ती असायची, आणि तिचं तिथे एक ठरलेलं काम होतं. धुक्यात कॅमेऱ्याला काही पकडता येत नाही; पांढऱ्यावर पांढरं, त्याने बघायचं तरी कशाकडे? म्हणून ती पिवळा रेनकोट घालून समोरच्या दगडापाशी जाऊन उभी राहायची. तो पिवळा ठिपका भिंगात स्वच्छ दिसला की चष्मेवाला ओरडायचा, "मिळालं!" ती बाजूला व्हायची, आणि मग फोटो. घरी आल्यावर रेनकोटवाले सगळे फोटो तो पुसून टाकायचा. इतक्या वर्षांच्या सहलींत ती प्रत्येक डोंगरावर उभी होती आणि एकाही फोटोत नव्हती. यात आपण काही वावगं करतोय असं त्याच्या कधी डोक्यातही आलं नाही. स्वतःच्याच बायकोला इंचीटेपासारखं वापरलं होतं त्याने, आणि तिनेही ते हसत करू दिलं होतं.

त्या दिवशी बाकीचे गेल्यावर तीही म्हणाली होती, "चला आता. ओलं गवत आहे, पाय सरकतोय."

"एकदाच उभी राहा. शेवटचं."

ती गेली. भिंगातून बघताना माणसाच्या मागे काय आहे ते कळत नाही. सगळं एका कागदावर आल्यासारखं दिसतं. "मागे," तो म्हणाला. ती सरकली. "अजून एक पाऊल मागे." तिने पाऊल टाकलं आणि पिवळा ठिपका भिंगातून गेला.

मग हाक आली. "अहो!"

आणि नेमकं तेव्हाच सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला, धुकं फाटलं आणि खालचं तळं लखलखलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तो थंडीत कुडकुडला होता ते सगळं समोर येऊन उभं राहिलं. "अहो, पाय!" दुसरी हाक. त्याचं बोट बटणावर होतं. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. जरा उजवीकडे वळून पुन्हा दाबलं. धुकं पुन्हा मिटलं तेव्हाच तो धावत सुटला.

ती दगडामागच्या उतारावरून घसरून खालच्या खडकावर पडली होती. घोट्याचं हाड मोडलं होतं. वेदनेने तोंड पांढरंफटक पडलेलं, तरी तिने पहिलं विचारलं ते हेच, "ऐकू नाही आलं का हो?"

"वारा," तो म्हणाला. "वाऱ्यात काही ऐकू येईना."

तोंडातून शब्द निघून गेला. पुढे हॉस्पिटल, पट्ट्या, स्क्रू, काठी. पाय कायमचा लंगडा झाला. आणि तिने तो वारा उचलून धरला. नातेवाइकांना सांगितला, लेकीला फोनवर सांगितला, क्लबातल्या डॉक्टरांना सांगितला. सांगता सांगता तो वाढत गेला. आता तर म्हणे झाडं वाकत होती.

फोटोतलं तळं मात्र तसंच होतं, आरशासारखं. दुकान उघडताना पहिली नजर त्याच्यावरच जायची. वारा असता तर पाण्यात डोंगर असा दिसला असता का? वारा असता तर दोन दिवस धुकं तरी टिकलं असतं का? क्लबातल्या एखाद्या नवशिक्यालाही हे समजायला हवं होतं. पण बक्षिसाच्या फोटोत वारा शोधायला कोण जातंय?

वर्ष उलटलं आणि क्लबने पुन्हा तोच डोंगर ठरवला. चष्मेवाल्याने हजार कारणं सांगून पाहिली. बायकोने एकेक करून सगळी उडवून लावली. "मला बघायचंय ते तळं. फोटोत रोज बघते, खरं कुठे बघितलंय? मी तर आडवी पडले होते."

हवेने आपला शब्द पाळला. डोंगरावर पोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गाडीचं नाकही दिसेना. डॉक्टरांनी फ्लास्कमधला चहा संपवला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही यांच्याशी लग्न केलंय, आम्ही नाही. येतो आम्ही." गाड्या एकामागून एक उतरून गेल्या.

चष्मेवाला तिपाई उभी करून उगाचच भिंग पुसत राहिला. मागे कापड सळसळलं. वळून बघतो तर तिने गाडीतून पिवळा रेनकोट काढून चढवला होता आणि काठी टेकत टेकत ती दगडाकडे निघाली होती.

"कुठे चाललीस?"

"कुठे म्हणजे? उभी राहायला. मी नसले तर तुम्हाला काय दिसणार आहे डोंबल?"

"नको." त्याचा आवाज चिरकला. "अगं, थांब. नको जाऊस."

"घाबरू नका हो. आज वारा नाहीये. हाक मारली तर ऐकू येईल."

ती हे अगदी सहज म्हणाली, चेष्टेत. त्याने भिंग पुसायचं कापड खिशात घातलं.

"तेव्हाही वारा नव्हता," तो म्हणाला.

ती थांबली. काठी ओल्या मातीत रुतली होती, ती उपसून ती वळली. "काय?"

"वारा नव्हता. मला ऐकू आलं होतं. पहिली हाक ऐकू आली, दुसरीही आली. धुकं उघडलं होतं. मी फोटो काढत राहिलो. संपलं तेव्हा आलो."

इतकं बोलून झाल्यावर हलकं वाटेल असं त्याला वर्षभर वाटत आलं होतं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघता येईना. आता ही रडेल, ओरडेल, काठी फेकून मारेल, काहीही करेल पण काहीतरी करेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"तळ्यात डोंगर जरासुद्धा हललेला नाही," ती म्हणाली. "रोज पुसते मी त्या फोटोची काच. रोज. आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

"माझं चुकलं."

"ते राहू द्या." ती हळूहळू परत आली, तिपाईपाशी उभी राहिली आणि तिने त्याला कोपराने बाजूला सारलं. "जा. उभे राहा तिथे."

"कुठे?"

"दगडापाशी. मी उभी राहायचे तिथे."

तो गेला. दगड ओला होता. तोंड कॅमेऱ्याकडे करून तो उभा राहिला. तिपाई दिसत होती, तिच्यामागे पिवळा रेनकोट, बाकी सगळं पांढरं. ती वाकून भिंगातून बघत होती. तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मागे," ती म्हणाली.

तो मागे सरकला. टाचेखाली गवत निसटतं लागलं. उतार कुठून सुरू होतो ते त्याला ठाऊक होतं. स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसांबरोबर तो त्यावरून चढला-उतरला होता.

"अजून एक पाऊल मागे."

त्याने पाऊल टाकलं.

"बस्स." ती सरळ उभी राहिली. "मागे वळून बघितलंत?"

"नाही."

"का नाही बघितलं?"

तो म्हणाला, "तू सांगत होतीस म्हणून."

"हं," ती म्हणाली. "मीही म्हणूनच नव्हतं बघितलं."

ती काठी टेकत गाडीकडे गेली, दार उघडून बसली आणि रेनकोट न काढता समोर बघत राहिली. त्याने तिपाई मिटली, कॅमेरा पिशवीत घातला. धुकं शेवटपर्यंत उघडलं नाही. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधी दुकानात गेला, स्टुलावर चढला आणि फोटोला हात घातला.

"राहू द्या तो." ती दारात उभी होती.

"मला नाही बघवत."

"मला तरी कुठे बघवणार आहे? पण चांगला आलाय फोटो, हेच तर वाईट आहे. राहू द्या तिथेच." तिने पिशवी गल्ल्यावर ठेवली, काठी टेकून ठेवली. "फक्त यापुढे कुणी विचारलं तर मी काही बोलणार नाही. तुम्हीच सांगायचं. काय झालं ते."

"कुणालाही?"

"विचारेल त्याला."

तो स्टुलावरून उतरला. दुपारपर्यंत कुणी विचारलं नाही. एक जण चष्म्याची दांडी बसवून घेऊन गेला, एकाला नुसतं भिंग पुसायचं कापड हवं होतं. फोटोसमोरून कुणी गेलं की चष्मेवाल्याचा जीव टांगणीला लागत होता. मग एक शाळामास्तरीण बाई आल्या, वाचायचा चष्मा करायला. खुर्चीत बसल्या, वरची अक्षरं घडाघडा वाचली, खालच्या ओळीपाशी अडखळल्या आणि त्यांची नजर शेजारी सरकली.

"अय्या, किती सुंदर! तुम्ही काढलात? किती वाट बघावी लागली असेल हो याच्यासाठी."

गल्ल्यापाशी भिंग पुसणारा हात थांबला. तिने मान वर केली नाही.

चष्मेवाल्याच्या जिभेवर जुनं सगळं तयार होतं, सगळे गेले, मी थांबलो. त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"वाट मी नाही बघितली, बाई," तो म्हणाला. "वाट हिने बघितली. ही खाली पाय मोडून पडली होती, मला हाका मारत होती. मला ऐकू येत होतं."

बाई फोटोकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे, मग गल्ल्याकडे. गल्ल्यापाशी भिंग पुसायला पुन्हा सुरुवात झाली.

"खालची ओळ वाचा, बाई," बायको म्हणाली. "सावकाश. दिसत नसेल तर तसं सांगा."