पाचवे हरीण

...आणि म्हणून माझी गोष्ट मधूनच सुरू होते, मित्रांनो. मी तळहाताएवढे, फार जुने खापर आहे. माझे बाकीचे तुकडे सापडले नाहीत.

तेव्हा मी घडा होतो. एका कुंभारणीने मला घडवले. गळ्याभोवती काळ्या रंगाने हरणे काढायचे काम तिच्या लेकीचे. जीभ दातांत धरून ती काढत असे.

"अगं, हरीण आहे की बकरी?"

"पळायला लागलं की कळेल तुला, आई!"

चार झाली. पाचव्याच्या आधी तिला ताप भरला.

(इथे माझा टवका उडाला आहे. इथले मला सांगता येत नाही.)

लेक गेल्यावर महिन्याभराने भट्टी पेटली. चार काळी हरणे भाजून पक्की झाली. मग कुंभारणीने उरलेल्या जागेवर बोटाने पाचवे काढले, ओल्या गेरूने. भाजल्यानंतर लावलेला रंग पाण्यात टिकत नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने माझ्यात कधीच पाणी भरले नाही. ओल्या हाताने कुणाला शिवू दिले नाही.

मग मी फुटलो. कोरड्या राखेत हजारो वर्षे पडून राहिलो. पाचवे हरीण तसेच होते.

परवा मला उत्खननात उकरून काढून एका लांब टेबलावर ठेवले. तिथल्या मावशी तीस वर्षे खापरे धुतात. त्यांचा हात हलका आहे. धुण्याआधी त्या ओला कापूस टेकवून रंग तपासतात. माझ्यावर राखेचा थर होता. त्यांनी कापूस चौथ्या हरणाला टेकवला.

"सर, रंग पक्का आहे," त्या उत्खनन करणाऱ्या सरांना म्हणाल्या.

"मग घ्या धुऊन."

मऊ ब्रश फिरला.

"मावशी, पाणी लाल कसं?"

"मातीच ती, सर. सगळीच खापरं अशी रडतात."

सरांनी भिंग धरले. "चार काढून कंटाळला वाटतं गडी!"

दोघेही हसले. मावशींनी लाल अंगठा फडक्याला पुसला आणि पाणी मोरीत ओतले.

मित्रांनो, त्यांच्यावर रागावू नका. फक्त जुन्या वस्तूला पाणी लावण्याआधी तिच्या प्रत्येक रंगाला वेगळे विचारा.

माझ्या चिठ्ठीवर लिहिले आहे: हरणे चार, पुढे जागा रिकामी.

ती जागा दोनदा रिकामी झाली आहे.