टाक्यांचा दुभाषा

मी एक कंपायलर बोलतोय. नाव जड वाटलं तर दुभाषा म्हणा; मावशी तेच म्हणते. माणसाने लिहिलेलं यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवायचं, हे माझं काम.

माझ्या जन्माआधी या घरातलं विणकामाचं यंत्र मुकं होऊन पडलं होतं. ते बनवणारी कंपनी बुडाली होती आणि त्याला हुकूम देणारा डबा जळाला होता. त्यातच मावशीची बोटं संधिवाताने आखडली. जन्मभर लोकरीत रमलेली बाई यंत्रावर चादर टाकून म्हणाली, "संपलं गं. आता दोघंही शोभेपुरती."

भाचीच्या ते जिव्हारी लागलं. ती प्रोग्रॅमर. म्हणाली, "मावशी, तू वीण जशी लिहितेस तशीच एका बोटाने टाइप कर. यंत्राला समजवायचं माझ्याकडे लागलं."

मला घडवायला तिने दोन अवजारं घेतली. पहिल्याला मावशीच्या लिखाणाचं व्याकरण दिलं. त्यातून माझे डोळे तयार झाले. तेव्हापासून मला ओळीच्या जागी झाड दिसतं. खोड म्हणजे अख्खी वीण, पानं म्हणजे टाके. दुसरं अवजार माळ्यासारखं. 'चार वेळा' असं लिहिलेली फांदी दिसली, की तिच्या जागी ते चार सारख्या फांद्या लावतं. झाड यंत्राच्या सोयीचं झालं, की एकेक पान वाचत मी हुकूम सोडतो.

एके दिवशी इस्पितळातल्या सिस्टर आल्या. "अपुऱ्या दिवसांच्या बाळांना टोप्या हव्यात. बाजारातल्या नाकावर घसरतात."

मावशीने लिहिलं, 'दोन सुलट, दोन उलट, दहा वेळा.' यंत्र खडखडलं आणि एक अरुंद, ताठ पट्टी बाहेर आली.

"ही टोपी? ही तर काकडीची गवसणी!" मावशी म्हणाली. "अगं, दहा वेळा ते दोन्ही मिळून! नुसते उलट नाहीत. हे काय सांगावं लागतं?"

"माणसाला नाही लागत. याला लागतं. तू कंस घालत जा."

"या वयात कंस? त्यापेक्षा तुझ्या दुभाष्याला विचारायला शिकव की!"

भाची हसली. मावशीचं खरंच होतं. त्या एका ओळीतून दोन झाडं उगवत होती, आणि मी पहिलं दिसलं ते मुकाट्याने उचललं होतं. भाचीने माझं व्याकरण पुन्हा उघडलं. आता दोन झाडं दिसली की मी थांबतो आणि विचारतो, "दहा वेळा काय? नुसते उलट, की दोन्ही?"

पुढची टोपी भाचीने कडेला शिवली. मावशीने ती आपल्या न उघडणाऱ्या मुठीवर चढवली. चपखल बसली. अशा बाळाचं डोकं तेवढंच असतं.

काही दिवसांनी सिस्टर सांगत आल्या, "ती टोपीवाली चिमुरडी आज घरी गेली. आई टोपी काढूच देईना!" आणि जाता जाता म्हणाल्या, "मोजे जमतील का हो?"

मोज्याला टाच लागते, आणि टाच कशी वळवतात ते मला ठाऊक नाही. आज सकाळी मी तसं स्पष्ट सांगितलं. तुमच्याही वाट्याला माझ्यासारखा कुणी आला आणि मध्येच अडला, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. न समजता पुढे रेटण्यापेक्षा त्याने थांबणं बरं.

मावशी रागावली नाही. तिने आत हाक दिली, "अगं, ये लवकर! याला टाच शिकवायचीय."