बाळंतिणीची शेगडी

"चूल काऊन फोडून राह्यली वं नलू? भरल्या घरची चूल फोडते का कोणी?"

कुंपणापलीकडून शेजारची रुख्माबाई ओरडली. पदर कमरेला खोचून नलूबाईने लोखंडी सब्बल पुन्हा हाणली. रोज सारवून सारवून चुलीची माती दगडासारखी झाली होती, पहिल्या दोन घावांना तर तिने दादच दिली नाही. लग्न होऊन आल्यापासून नलूबाई त्या चुलीपुढे बसत आली होती. नवऱ्याशी, म्हणजे मधुकररावांशी, जन्मभरात बोलली नसेल तेवढं ती चुलीशी बोलली असेल. त्यात मधुकरराव अबोल, आणि आता तर तेही राहिले नव्हते.

"आई, राहू दे ना," दाराशी पोटावर हात ठेवून उभी असलेली वर्षाली म्हणाली. "बाहीर नेऊन ठेवली असती तरी चाललं असतं."

"बाहीर ठेवली का संध्याकाळी पाय तिकडंच वळते माये. फोडलेली बरी."

वर्षाली सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आदल्या दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणी झाली. बाळ हवं तेवढं वाढत नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी विचारलं, घरी स्वयंपाक कशावर करता? चुलीवर म्हटल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. धूर आईच्या रक्तात उतरतो, बाळाला पोटात पुरेसा प्राणवायू मिळत नाही, बाळ खुरटतं. प्राणवायूचं नलूबाईला फारसं उमगलं नाही, पण खुरटणं म्हणजे काय ते तिला कोणी सांगायला नको होतं. देवळीच्या बाजारात वांगी-मिरची विकून तिने दिवस काढले होते. खुरटलेलं रोप तिला लांबूनही ओळखू येई.

घरात गॅस होता. नव्हता असं नाही. तो फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेला असे आणि पाहुणा आला की चहापुरता पेटे. आजूबाजूच्या घरांतही गॅसचा मान असाच होता, जावयासारखा.

तपासणीची हकिगत नालवाडीला, वर्षालीच्या सासरी कळली. सासूचा, शालूबाईंचा, लगेच फोन आला. आमच्याकडे गॅसवरच सगळं होतं, सुनेला इकडेच पाठवा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर रीतच. पण खरं सांगायचं तर रीतीपेक्षा नलूबाईला आपल्या घरातल्या शांततेची भीती वाटत होती. मधुकरराव गेल्यापासून संध्याकाळी कडी लावली की तिला कोणी हाक मारणारं नव्हतं. कधीतरी लेक आणि नातवंड सव्वा महिना घरात असतील, एवढ्या एका आशेवर तिने दोन उन्हाळे काढले होते.

"जवाईबापू," ती फोनवर जावयाला, रुपेशला म्हणाली, "चूल फोडली म्या. इचारा तुमच्या बायकोले. आता तं राहू द्यान ना तिले?"

रुपेश मऊ मनाचा. तो हो म्हणाला.

वर्षालीला मुलगी झाली. वजनाला कमी, पण रडायला खणखणीत. घरी सोडताना नर्सने बजावलं, बाळाला उबेत ठेवा, छातीशी धरा, धुरापासून जपा. नलूबाईने तीनदा मान डोलावली. चूल तर तिने आपल्या हाताने फोडली होती. तिच्या लेखी धुराचा विषय संपला होता.

घरी आल्यावर तिने बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं. दोघींना बाजेवर निजवलं, आणि बाजेखाली शेगडी सरकवली. शेगडीत गोवरीचे निखारे आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड. वारा लागू नये म्हणून दार ओढलं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. खोलीत ओव्याचा उग्र वास भरला.

"आई, डॉक्टरनं नाई म्हटलं ना धुराले?" वर्षालीने खोकत विचारलं.

"ते चुलीच्या धुराचं म्हटलं बाई. हा ओवा हाय. यानं पोट बसते, लेकराले सर्दी होत नाई. तू काय अशीच वाढली का?"

वर्षालीने पदर नाकाला लावला. आईने तिच्यासाठी चूल फोडली होती, आता शेगडीवरून कुठे वाद घालायचा?

ते दिवस नलूबाईच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. सकाळी गॅसवर पातळ भाकरी थापायची, ती करपली की गॅसला शिव्या द्यायच्या, बाळाचे कपडे वाळत घालायचे आणि दोन वेळा शेगडी पेटवायची. रुख्माबाईला हाक मारून ती सांगे, "माही नात कशी गुपचूप झोपून राह्यते, पाह्य तरी!"

नात खरंच गुपचूप झोपत होती. मग एका दुपारी तिने दूध ओढायचं सोडलं. नलूबाईने दुपटं बाजूला केलं, तर प्रत्येक श्वासाला बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि ओठ निळसर दिसत होते.

वर्षाली ओरडली. रुख्माबाईच्या मुलाने अँब्युलन्स बोलावली. सेवाग्रामला पोहोचेपर्यंत नलूबाई बाळाच्या छातीवरची नजर काढायला तयार नव्हती. तिने नजर काढली तर तो खळगा पडायचाच थांबेल, असं तिला वाटत होतं.

बाळाला ऑक्सिजन लावला. नालवाडीहून रुपेश आणि शालूबाई धावत आले. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्याच, आधीच्या.

"घरात धूर होता का?"

"नाई मॅडम," वर्षाली पटकन म्हणाली. "गॅसच हाय घरी. आईनं चूल कवाच फोडली."

ती आईकडे बघत नव्हती. ती का खोटं बोलली, ते नलूबाईला कळलं. आता गप्प राहिलं, तर बाळ बरं होऊन पुन्हा आपल्याच घरी येईल. बोललं, तर शालूबाई त्याला परत नलूबाईच्या उंबऱ्याच्या आत पाठवणार नाहीत. पण दार बंद करून दिलेल्या शेकाचं डॉक्टरीणबाईंना कळलंच नाही, तर त्या बाळाला औषध तरी कशाचं देतील?

"मॅडम, म्या देत होती शेगडी," ती म्हणाली. "बाजीखाली. गोवरीची. दार-खिडकी लावून. रोज दोन टाईम."

"मी म्हणतच होती!" शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हणतच होती, रुपेश!"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ओव्याचा असो की चुलीतल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा, धूर तो धूरच, एवढ्या छोट्या फुफ्फुसांना तो सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. सांगितलंत ते बरं केलंत, असंही म्हणाल्या. त्या वळल्या तेव्हा नलूबाई त्यांच्या मागे गेली.

"मॅडम, वर्षालीच्या आंधी माहे दोन लेकरं गेले. असेच बारीक होते. सारा दिवस चुलीपाशी राहो मी. ते बी... यानंच का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कसं सांगता येईल, आई?"

नलूबाईने मान हलवली. त्या काळी सासू म्हणाली होती, गल्लीतल्या एका बाईची नजर लागली. नलूबाईने त्या बाईशी, ती मरेपर्यंत, बोलणं टाकलं होतं. ती बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, आणि तिची क्षमा मागायला जावं असं दारच उरलं नव्हतं.

बाळ बरं झालं. रुपेशने दोघींना नालवाडीला नेलं. "आई, तुमीबी चाला ना," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "वांगे तोडाचे हाय बापू," असं सांगून नलूबाई देवळीच्या बसमध्ये बसली.

घरी बाज तशीच होती. काही दिवस तिने एकटीपुरतं गॅसवर केलं. पण एका जिवाचा स्वयंपाक गॅसवर इतक्या लवकर उरकायचा की संध्याकाळ सगळी पुढे उभी राहायची. एके दिवशी तिने माती भिजवली आणि परसात नवी चूल घातली. आता इथे कोण लहान होतं?

महिना उलटल्यावर नालवाडीला बारसं ठरलं. नलूबाईने पहाटे उठून चुलीवर मेथीचे लाडू केले, विहिणीला आहेराची साडी घेतली, स्वतः ठेवणीतली नेसली. बसमध्ये वाऱ्याने पदर तोंडावर आला, तेव्हा तिला वास आला. धुऊन घडी घालून ठेवलेल्या साडीलाही धुराचाच वास होता.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. वर्षाली बाळाला घेऊन धावतच पुढे आली. "आई, घे ना हिले. खुशी ठेवून राह्यलो नाव."

नलूबाईने हात मागे घेतले. ती आत शालूबाईंकडे गेली, आहेराची साडी त्यांच्या हाती दिली आणि हळूच म्हणाली, "ईनबाई, तुमची एखांदी साडी द्या मले नेसाले. माह्या अंगाले धुराचा वास हाय. लेकराले जवळ कसं घेऊ?"

मुलीकडच्या बाईने व्याह्यांच्या घरचं वस्त्र मागून नेसायचं, हे शालूबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना आपले दवाखान्यातले शब्द आठवले असावेत. त्या घाईने कपाट उघडायला लागल्या. "नवीच देतो ना, थांबा."

"नवी नोको. बारशाच्या दिवशी नवी घेतली असं लोकं म्हणतीन. रोजची द्या."

शालूबाईंनी दारामागच्या खुंटीवरची साडी काढून दिली, सकाळी बाळाला न्हाऊ घालून निजवताना त्यांनीच नेसलेली. नलूबाईने हातपाय साबणाने धुतले, ती साडी नेसली आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसली. वर्षालीने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

बाळ किरकिरत होतं. नलूबाईने पदर जवळ घेतला, तसं ते एकदम शांत झालं. मान वळवून त्याने नाक त्या साडीत खुपसलं, एक लांब श्वास घेतला आणि झोपून गेलं.

"पाह्य, ओळखलं तुले!" वर्षाली हरखून म्हणाली.

नलूबाईने बाळाच्या छातीकडे पाहिलं. श्वास संथ चालला होता, कुठेही खळगा पडत नव्हता. बाळाने कोणाच्या साडीला ओळखलं ते तिला कळलं होतं.

"हो," ती म्हणाली, आणि मांडी न हलवता बसून राहिली.