हिरवळीखालचं जाळं

मित्रांनो, मी एक जुनं सुती जाळं आहे. नायलॉनचं नव्हे, अस्सल सुताचं! उरणच्या कोळीवाड्यात तुळशीराम कोळ्याने एका पावसाळ्यात ओटीवर बसून मला विणलं. शेजारी त्याची नवी नवरी गोदू सुताचा गुंता सोडवून देत होती. मग ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा करून त्यात मला उकळलं, म्हणून माझा रंग तांबूस आणि अंग चिवट झालं. नारळी पुनवेला मला हळदकुंकू लागलं आणि मी दर्यावर गेलो.

काय दिवस होते ते! पापलेट, रावस, घोळ, काय नाही धरलं मी? तुळशीराम कौतुकाने मला "माझा वाघ" म्हणायचा आणि मी फुशारून जायचो. एकच गोष्ट मनाला लागायची. माझ्या भोकांतून बारकी मासळी निसटायची. आपल्याला भोकं नसती तर किती बरं झालं असतं, असा वेडा विचार मी करायचो.

पुढे नायलॉनची जाळी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तुळशीराम वारला तेव्हा गोदूबाईने होडी विकली, मला मात्र विकलं नाही. अधूनमधून मला खाली काढून ती माझ्या गाठींवरून हात फिरवायची. घरात त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

तिचा मुलगा मितेश बंदरात नोकरीला लागला आणि त्याने खांदा कॉलनीत बैठं घर घेतलं. मीही बिऱ्हाडाबरोबर आलो. दारापुढे छोटंसं अंगण होतं, पण ते खाडीच्या रेतीने भरलेलं. दुपारी त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. मितेशला तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे होते.

गोदूबाई अडून बसली. "जलम गेला खाऱ्या चिखलात उभा ऱ्हाऊन मासली इकण्यात. आता दाराशी हिरवल पायजे मना. अनवाणी चालीन तिच्यावर."

"आये, गुढीपाडव्यापर्यंत जमलं तर ठीक," मितेश म्हणाला. "नाहीतर ब्लॉक."

दिवाळीनंतर सून भाविकाने हरळीच्या कांड्या आणून लावल्या. गोदूबाईने त्यांना माया लावली ती कोळणीच्या रीतीने. खारवलेली मासळी धुतली की ते पाणी ती गवताला घालायची. कोळीवाड्यातले तिचे माड याच पाण्यावर वाढले होते ना! गवत मात्र बघता बघता करपून पिवळं पडलं.

"ऊनच जास्त आहे आई, तुमचं काही चुकलं नाही," भाविकाने समजूत घातली.

गोदूबाईने चिमूटभर रेती जिभेवर ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "खारी हाय गो! आधीच खाडीची रेती, त्यात मीच वरून मीठ घातलं."

मितेश हसला नाही. त्याने गोड्या पाण्याचा टँकर मागवला. रेती भिजवून भिजवून त्यांनी मीठ खाली उतरवलं, वर शेणखत आणि तांबडी माती कालवली. नव्या कांड्या लावल्या. पण दुपारी खाडीवरून वारा सुटला की रेती उडायची आणि कांड्या उघड्या पडून सुकायच्या. पाडवा जवळ येत चालला. ब्लॉकवाला अंगणाचं मापसुद्धा घेऊन गेला.

त्या दिवशी गोदूबाईने मला माळ्यावरून काढलं.

"आई, बाबांचं जाळं आहे ते! मातीत कुजेल," भाविका घाबरून म्हणाली.

"पाडव्याला काढून परत ठेवीन," गोदूबाई म्हणाली आणि तिने माझ्या गाठींवरून एकदा हात फिरवला.

मला कांड्यांवर पसरून बांबूच्या खुंट्यांनी ताणलं. खरं सांगतो, मी खट्टू झालो. दर्यावरचा वाघ मी, आणि आता राखायचं काय, तर गवत! तरी गपगुमान रेती दाबून पडून राहिलो. पहाटे भाविका पोटभर पाणी द्यायची, मग वरची रेती सुकेपर्यंत हात आखडता घ्यायची, म्हणजे मुळं ओल शोधत खोल जातात.

एका सकाळी माझ्याखाली काहीतरी हललं. मासा नव्हता. एक इवलंसं पातं माझ्या भोकातून वर आलं होतं, टोकाला दवाचा थेंब. शेजारून दुसरं आलं, पलीकडून तिसरं. मित्रांनो, मी वादळं पाहिली, माणसाएवढी घोळ ओढली, पण असा कधी थरारलो नव्हतो. ज्या भोकांची जन्मभर लाज बाळगली, त्यांतून अख्खं अंगण वर येत होतं!

पाडव्याला गुढी उभारली. मितेशने ब्लॉकवाल्याला नको म्हणून कळवलं. आईचं जाळं तिला परत द्यायचं त्याच्या लक्षात होतं. त्याने खुंट्या उपटल्या आणि माझा एक कोपरा धरून ओढला. चर्रकन आवाज झाला. माझ्या गाठीगाठीत पांढरी मुळं गुंतली होती, तीही माझ्याबरोबर उपटून आली.

"थांब!" गोदूबाई ओरडली आणि खाली बसली. मुळं वाचवायची तर जाळं मातीतच कुजू द्यावं लागणार होतं, जाळं वाचवायचं तर मुळं तोडावी लागणार होती. एक गाठ बोटांत धरून ती बराच वेळ पाहत राहिली. माझा जीव टांगणीला लागला. मला माळ्यावर परत जायचं होतं की नाही, हे माझं मलाच कळेना.

"यांनी मारलेली गाठ हाय," ती हळूच म्हणाली. "दर्याला सुटली नाय कधी." मग तिने तो कोपरा पुन्हा जमिनीला टेकवला, वर मूठभर माती लोटली आणि तळव्याने थोपटली. "ऱ्हाऊ दे मितेश. त्यांचा हात आता हितंच ऱ्हाऊ दे."

ती उठली आणि अनवाणी चालू लागली. मिठाने भेगाळलेल्या त्या टाचा माझ्यावरून सावकाश गेल्या आणि परत आल्या.

आता मी विरत चाललो आहे. सूतच ते, मातीत जायचंच. गाठ कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होतं, हे हल्ली मलाही सांगता येत नाही. त्याचं दुःख नाही, नवल वाटतं. मित्रांनो, तुमच्या दारी चार हात माती असेल तर तिच्यावर सिमेंट ओतायची घाई करू नका. गवताला पहाटे पोटभर पाणी द्या, अगदी बुडाशी कापू नका. आणि हिरवळीवर जाताना चपला तेवढ्या बाहेर काढा. खाली कुणीतरी तिला धरून असतं.