तांबड्या केसांना नीळ

सखूने सुनेला बाल्कनीत पाटावर बसवलं, तिची मान खाली दाबली आणि कंगव्याच्या टोकाने भांग पाडून पाहिला. मुळाशी केस केशरी झाले होते, थेट जिलेबीचा रंग. खाली तांबडे. आणि कानामागचा एक पट्टा पिवळा पडलेला. एका डोक्यावर तीन रंग, आणि त्यातला एकही मागितलेला नाही.

"व्हिडिओत ब्राउन झालेला," करिष्मा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाली.

व्हिडिओतल्या बाईने काय आयुष्यभर डोक्यावर मेहंदी थापली होती? हे सखूच्या अगदी ओठांवर आलं होतं. आगरी माणसाच्या घरात लग्नाची हळद म्हटली की दोन दिवस आधी पातेलंभर मेहंदी भिजायची, आणि पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यांना लागायची. करिष्माला लग्न होऊन शिरगावात येऊन दहा वर्षं झाली होती. तिचा नवरा, सखूचा पोरगा अल्पेश गेल्यावर, लोक कुजबुजले तरी, सखूने सुनेला त्यातून वगळलं नव्हतं. दहा वर्षांतल्या भावकीच्या सगळ्या हळदी त्या केसांत थरावर थर बसल्या होत्या. त्याच्यावर हिने ब्लीच लावलं. कॅम्प चारच्या बाजारातला दुकानदार म्हणे बोलला, कुछ नहीं होता, बिनधास्त लगाओ. त्याचं काय जातंय बोलायला, डोकं थोडंच त्याचं होतं.

उद्या रविवार. विठ्ठलवाडीला करिष्माच्या भावाकडे, जितेशकडे, तिला बघायला पाहुणे येणार होते. माणूस अंबरनाथचा, स्वतःचं वर्कशॉप, पहिली बायको वारलेली. कपाळावरचे पांढरे दिसू देऊ नकोस, एवढं जितेशने बजावून सांगितलं होतं, आणि त्यातून हे सगळं रामायण झालं.

अल्पेशला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं, त्याला तीन वर्षं झाली. सून तेहतीस वर्षांची. तू बघ तुझं, अख्खा जन्म पडलाय, असं सखूनेच तिला सांगितलं होतं. सांगितलं खरं, पण तेव्हापासून जिवाला एकच घोर लागला होता, तो नातीचा. जिज्ञासा सात वर्षांची. पोराचं म्हणून मागे उरलं होतं ते एवढंच. ती आईबरोबर गेली तर या घरात राहणार दोन म्हातारी माणसं आणि टीव्ही. पोरगी आपल्याजवळच राहू दे म्हणून सखूने एकवीरेला नवस बोलून ठेवला होता. तो तिने नवऱ्यालाही सांगितला नव्हता.

सकाळी पार्लरवालीने हात वर केले होते. आता वरून काळा रंग लावलात तर केस तुटून हातात येतील, पंधरा दिवस थांबा, म्हणाली. जांभळा शाम्पू असतो, तो ऑनलाइन मागवला तर मंगळवारी येणार. करिष्मा दिवसभर ओढणी डोक्याला गुंडाळून फिरत होती. पोरीला ट्युशनला सोडायलाही तशीच गेली.

शेवटी दुपारी सखूच म्हणाली, नीळ लावून बघू. तिच्या नवऱ्याने, हरिचंद्रने, उभ्या जन्मात पांढऱ्या सदऱ्या-लेंग्याशिवाय दुसरं काही घातलं नव्हतं. पांढऱ्यावर पिवळं चढलं की नीळ, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? करिष्माला आधी हसू आलं. मग तिने मोबाइलवर शोधलं, तर तिथेही तेच लिहिलेलं, केशरीवर निळा रंग लावा.

"बघ," सखू म्हणाली, "तुझ्या मोबाइलला पण थोडी अक्कल आहे."

वाटीत कंडिशनर घेऊन सखूने त्यात नीळ थेंब-थेंब कालवली. आधी पिवळ्या पट्ट्यातल्या एका बटेला लावून पाहिली, तर ती शेवाळासारखी हिरवी झाली. करिष्माच्या डोळ्यांत पाणीच आलं. सखूने अर्धी वाटी मोरीत ओतून दिली, उरलेल्यात पुन्हा कंडिशनर घातलं आणि पिवळा पट्टा तसाच सोडला. अंबाड्यात आत दडवता येईल, म्हणाली. मग हातात प्लास्टिकच्या पिशव्या चढवून दोघींनी मिळून बाकीचे केस माखले. वीस मिनिटं ठेवायचं, त्याहून जास्त ठेवलं तर राखेसारखा रंग येतो, असं करिष्माने दोनदा वाचून दाखवलं. सखूने घड्याळ बघून ठेवलं.

दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात फोन वाजला. करिष्माचे कान, मान, सगळं निळीने भरलेलं. सखूने हातावरची पिशवी काढली, बटण दाबलं आणि स्पीकर लावून फोन कठड्यावर ठेवला.

"ऐक," जितेशचा आवाज आला. "उद्या त्यांच्याकडची तीन माणसं आहेत. अकरापर्यंत ये. आणि मी बोललो ते लक्षात आहे ना? पोरीचं नाव काढायचं नाही. मी त्यांना मूलबाळ नाही असंच सांगितलंय. ती तिकडे आजीकडे राहील, काही प्रॉब्लेम नाही. एकदा लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. ऐकतेस ना?"

करिष्माने मान वर केली नाही. "ऐकते," ती म्हणाली.

फोन बंद झाला. सखूने पिशवी पुन्हा हातावर चढवली.

"तुला ठाऊक होतं?" सखूने विचारलं.

"परवा बोलला तो."

नवस फळाला आला होता. पोरगी आजीकडे राहणार, काही प्रॉब्लेम नाही. सखूला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. मूलबाळ नाही. चालतीबोलती, पाढे म्हणणारी, अल्पेशसारखं नाक असलेली पोरगी, आणि ती नाहीच. आपण मागितलं ते हेच का? उद्या पोर विचारेल, आई मला भेटायला चोरून का येते, तर आजीने काय सांगायचं? सखूला स्वतःच्या नवसाची लाज वाटली. सुनेचा संताप आला, आणि मग तिची ती निथळणारी खाली घातलेली मान बघून तिचीच कीव आली.

घड्याळात चार मिनिटं उरली होती. सखूच्या मनात येऊन गेलं, आणखी अर्धा तास हिला अशीच बसवून ठेवली तर? राखेच्या रंगाचे केस घेऊन ही कुणासमोर जाणार नाही. म्हातारीला घड्याळ कळलं नाही, एवढंच म्हणायचं. कोण काय बोलणार आहे?

दार वाजलं. जिज्ञासा ट्युशनहून आली, दप्तर टाकून थेट बाल्कनीत.

"आई, तू निळी का झालीस?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघताच पुढे, "उद्या मामाकडे मी पण येणार ना?"

"उद्या तुझी ट्युशन आहे," करिष्मा म्हणाली.

"रविवारी?"

पोरगी एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघत राहिली. सखू उठली, बादली ओढली आणि वीस मिनिटं पुरी व्हायच्या आत सुनेच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला.

निळं पाणी मोरीतून वाहत गेलं, मग फिकट झालं, मग स्वच्छ आलं. सखूने टॉवेलने केस खसाखसा पुसले आणि उन्हाकडे धरले. जिलेबी गेली होती. रंग मातकट आला होता, धड ब्राउन नाही, पण चार माणसांत नेण्याजोगा. करिष्माने आरशात बघितलं, पिवळा पट्टा आत दाबला आणि हळूच म्हणाली, बरं झालं.

"उद्या हिला घेऊन जा," सखू म्हणाली.

"आई, जितेशने त्यांना..."

"मी ऐकलं ना आता. म्हणूनच सांगते. हिला पुढे बसव आणि सांग, ही माझी पोरगी."

"आणि ते उठून गेले तर?"

"उठले तर उठले. नंतर उठण्यापेक्षा बरं."

करिष्माने टॉवेलची घडी घातली. मग तिने विचारलं, "आणि हिच्यासकट हो म्हणाले तर?"

सखूने कपाटातून नातीचा लग्नसमारंभात घालायचा गुलाबी फ्रॉक काढला, पोरीच्या खांद्याला लावून पाहिला. गुडघ्याच्या वर जात होता. ती सुई-दोरा घेऊन जमिनीवर बसली आणि खालची दुमड उसवायला लागली. उद्यापुरतं बोटभर सोडलं तरी भागलं असतं. सखूने होती तेवढी सगळी सोडली. दुसऱ्याच्या घरात पोरीला लगेच नवा कपडा कोण घेणार, हा अजून एक वर्ष तरी निघायला हवा होता.