बेकरीतली शोकेस आणि तिची कॉफीवाली शेजारीण

मित्रांनो, मी एक जुनी शोकेस आहे. जाड लाकडाची चौकट, पुढे तिरकी काच, आत तीन फळ्या आणि मागे सरकणारी दोन दारं, असं माझं रूप. आता एका कोपऱ्याचा टवका उडालाय आणि मागचं डावं दार कुरकुरल्याशिवाय हलत नाही. पण एके काळी या बेकरीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाची पहिली नजर माझ्यावर पडायची. खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा. पण विचारणार कुणाला? हल्ली सगळे कॉफी पिण्यात दंग असतात.

आधी माझ्या चांगल्या दिवसांबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही म्हातारी उगाच जळते. जळते हे खरं आहे. उगाच मात्र नाही.

मला घडवलं तेव्हा बेकरीचे मालक तरणेबांड होते आणि मालकीणबाई नव्यानेच दुकानात उभ्या राहू लागल्या होत्या. सुताराने काच बसवण्यापूर्वी विचारलं, "खालची कड कुठवर आणू?"

"लहान मुलांना आतलं दिसेल, इतकी खाली," मालकीणबाई म्हणाल्या.

"अहो बाई, मुलं काच बरबटून ठेवतील."

"ठेवू देत की. मूल थांबलं की त्याची आई थांबते."

तशीच झाले मी. वरच्या फळीवर केक, मधल्या फळीवर बन आणि सगळ्यात खाली, मुलांच्या डोळ्यांसमोर, मालकांच्या हातची बटर बिस्किटं. मूल यायचं, काचेला कपाळ टेकवायचं आणि तिथून हलायचंच नाही. त्याची आई म्हणायची, "चल रे, घरी आहे ना खाऊ!" आणि म्हणता म्हणता पर्स उघडायची. रोज सकाळी मालकीणबाई जुन्या कागदाने मला लख्ख पुसायच्या. कालची सगळी नाकं आणि कपाळं पुसली जायची, आज नवी उमटायची. "ही माझ्या दुकानाचा चेहरा आहे," असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काच असूनही मी फुगायची बाकी राहायचे.

पुढे सूनबाई घरात आल्या आणि त्यांच्या मागोमाग भिंगरी. भिंगरी म्हणजे मालकांची नात. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून हे नाव. ती थांबायची फक्त माझ्यापाशी. सूनबाईंचा जीव सदा टांगणीला. "दारात बोट चेमटेल, सांभाळ! कोपरा लागेल गं कपाळाला!" शेवटी त्यांनीच माझ्या टवका उडालेल्या कोपऱ्यावर मऊ कापड गुंडाळून दिलं. माझी एवढी काळजी कुणी घेतली नव्हती. आता ती माझी होती की भिंगरीची, हे मी मुद्दामच कधी खोलात जाऊन पाहिलं नाही.

मग चौकात एक मोठं चकचकीत दुकान उघडलं. आमचे बन संध्याकाळपर्यंत माझ्याच पोटात राहू लागले. मालक गल्ल्यामागे हाताची घडी घालून बसत आणि रस्त्याकडे बघत राहत.

एक दिवस सूनबाई म्हणाल्या, "बाबा, लोक पाव घेतात आणि जातात. थांबतच नाहीत. कॉफी ठेवली तर बसतील. बसले की आणखी काहीतरी मागतील."

"आपण बेकरीवाले की कॉफीवाले?" मालकांनी विचारलं.

"अहो, करू दे तिला," मालकीणबाई मधे पडल्या. "शोकेसची काच खाली घ्यायला मी सांगितलं, तेव्हाही तुम्ही असंच तोंड केलं होतं."

झालं! माझाच दाखला देऊन माझ्याच उरावर तिला आणून बसवलं.

मित्रांनो, कॉफीची मशीन आली तो दिवस मला विसरता येत नाही. नखशिखान्त चकचकीत! चार माणसं तिला हळूच, जपून आत आणत होती. मला मात्र दोघांनी धरून फरफटत दारातून बाजूला सारलं. "इथे ठेवा, मशीनला चिकटून," मालकांनी जागा दाखवली. "दोघींना एकमेकींची सोबत होईल." सोबत! दूध तापवायचं झालं की बया अशी फुत्कारायची की माझ्या काचा थरथरायच्या. जरा काम केलं की भसाभस वाफ सोडायची. मी आयुष्यभर केक, बन, बिस्किटं सांभाळली, कधी हूं की चूं केलं का?

पण लोकांना तेच आवडलं. गर्दी होऊ लागली. माणसं पेला हातात घेऊन तिच्याकडे कौतुकाने बघत. कुणी तिचे फोटो काढत, आणि त्यात मी आले तर म्हणत, "थोडं सरकून काढ, मागचं ते जुनं कपाट येतंय." कपाट! मला!

तेही मी गिळलं असतं. पण एके दिवशी भिंगरी धावत आली, माझ्यासमोरून तशीच पुढे गेली आणि त्या मशीनसमोर उभी राहिली. तिच्या गुळगुळीत पोटात भिंगरीला स्वतःचं तोंड वाकडं दिसत होतं. ती खदखदून हसली. "गरम आहे ते, मागे हो!" सूनबाई ओरडल्या. भिंगरी मागे झाली, पण माझ्याकडे आली नाही. माझ्या काचेची खालची कड दिवसभर कोरडी, स्वच्छ राहिली. एवढं स्वच्छ मला कधीच वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी रोज मनात म्हणायचे, हिच्यात काहीतरी बिघाड होऊ दे.

बिघाड झाला, पण माझ्यात. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

समोरचे शिंपीबुवा आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी बिस्किटाचा तुकडा मोडला, तर तो वाकला. "काय मालक, कॉफीत बुडवायचं काम आमचं. तुम्ही आधीच बुडवून ठेवलीत होय?"

सगळे हसले. मालक हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटं जास्त वेळ भाजली. भट्टीतून आली तेव्हा कडक होती. दुपार होईतो पुन्हा नरम. त्यांनी लोणी कमी केलं, पीठ बदलून पाहिलं. "माझ्या हातातच आता राम राहिला नाही," असं ते मालकीणबाईंना हळू आवाजात म्हणाले, ते मी ऐकलं. मला कारण माहीत होतं हो! ती बया वाफ सोडायची, ती माझ्या मागच्या दारांच्या फटींतून आत शिरायची आणि गुपचूप बिस्किटांवर जाऊन बसायची. पण शोकेसला तोंड कुठे असतं? आणि असतं, तरी सगळे म्हणाले असते, ही जळते म्हणून बोलते.

शेवटी दोष माझ्या कुरकुरत्या दारांवर आला आणि मला विकत घ्यायला जुन्या सामानाचा व्यापारी आला. त्याने माझं दार पुढे-मागे सरकवून पाहिलं. "हवा खातंय हे. माल नरम पडणारच. उद्या सकाळी घेऊन जातो." मालकांनी नुसता माझ्या लाकडावरून हात फिरवला आणि ते आत निघून गेले.

दुसरी सकाळ बोचऱ्या थंडीची होती. मशीन पहाटेपासून फुत्कारत होती. माझी काच पांढरी धुरकट झाली होती. भिंगरी आली आणि, कितीतरी दिवसांनी, माझ्यापाशी थांबली! बोटाने तिने काचेवर एक गोल काढला, त्यात दोन डोळे.

"गार काचेला हात लावू नको, सर्दी होईल!" म्हणत सूनबाई फडकं घेऊन आल्या. चित्र पुसलं गेलं. भिंगरीने भोकाड पसरलं. पण काच काही स्वच्छ झाली नाही. सूनबाईंनी पुन्हा पुसलं. जोर लावून पुसलं. मग त्या एकदम थांबल्या. मागे गेल्या, दार सरकवून हात आत घातला आणि आतून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"बाबा! अहो बाबा, इकडे या आधी! हे पाणी आतून आहे. मशीनची वाफ आत जातेय. तुमच्या हाताला काही झालेलं नाही!"

मालक पीठ लागल्या हातांनीच बाहेर आले. त्यांनी स्वतःही आत हात घालून काचेवरून बोट फिरवलं.

"चुकलंच माझं, बाबा. मशीन मीच आणली." सूनबाई डोळे पुसू लागल्या.

"आणि जागा कुणी दाखवली? मीच ना?" मालक म्हणाले. "आता रडू नको. भिंगरी रडली तेवढं पुरे. धर ते टोक."

दोघांनी मिळून मला पुन्हा माझ्या जुन्या जागी, दारात आणलं. व्यापारी आला, त्याला मालकीणबाईंनी कॉफी पाजून परत पाठवलं. मशीन पलीकडच्या भिंतीला, खिडकीखाली गेली. दुपारी शिंपीबुवांनी बिस्किट मोडलं. कट्‌! तो आवाज ऐकून मालकांनी पाठ फिरवली आणि ते उगाचच गल्ला पुसू लागले.

आता कॉफी घ्यायला येणारा प्रत्येक जण माझ्यासमोरून जातो आणि जाता जाता खाली बोट दाखवतो. "त्यातलीही द्या दोन." बन उरत नाहीत. हे त्या मशीनमुळे झालं, हे मला कबूल आहे. मोठ्याने मात्र मी म्हणणार नाही. भिंगरी अजूनही तिच्यात वाकडं तोंड बघायला जाते, आणि माझ्या पोटात अजूनही दुखतं.

मित्रांनो, तुमच्या घरी नवं काही आलं, तर त्याचं कौतुक जरूर करा. पण त्याच्यासाठी जुन्याला सरकवाल, तेव्हा त्याला कुठे उभं करताय ते बघा. आणि ते बिघडलंय असं ठरवण्याआधी एकदा त्याच्या आत हात घाला.

सूनबाई, तुम्हालाही एक विनंती. मला रोज पुसा, आतून, बाहेरून पुसा. फक्त खालच्या कडेला, मऊ कापडाच्या कोपऱ्याजवळ, एक छोटा कपाळाचा ठसा असेल. तो संध्याकाळपर्यंत राहू द्या.