दुसरी ओळ

दर्यापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तरी सासऱ्यांना कसं सांगावं ते रश्मीला सुचेना. मांडीवर आठ महिन्यांची मित्रा दूध पिऊन झोपली होती आणि पिशवीत त्यांच्या कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्ट होता. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तो तिला एकटीलाच समजावला होता. बायोटेक शिकलेली सून म्हणजे घरातली अर्धी डॉक्टर.

शेजारी बसलेले सासरे, किसनराव, मात्र खुशीत. "सोमवारपासून सुरू करतीन नं वं थे नवं औषध? झोपलेले जीन जागे करते म्हणे!"

"मामाजी..." तिनं बाळाचं टोपरं उगाच सारखं केलं. "गाठीले आवर घालणारा एक जीन असते. कोणाकोणाच्या गाठीत तो नुसता झोपलेला असते. त्यालेच हे औषध उठवते."

"मंग उठवा नं! कोणं अडवलं?"

गाडी निघाली. खिडकीबाहेर सोयाबीनची वावरं, अर्धी हिरवी, अर्धी उघडी. यंदाही बियाण्यानं दगा दिला होता. रश्मीला एकदम वाट सापडली. तीस वर्षं कृषी सहाय्यक म्हणून हाच तालुका तुडवलेला माणूस हा.

"बी उगवलं नाही अशी तक्रार आली, का तुमी पंचनाम्यात काय पाहत होते?"

किसनरावांची मान ताठ झाली. "पेरणीची एक ओळ उकरायची. बी मातीत तसंच सापडलं तं बियाण्यात खोट. नाही सापडलं तं पेरलंच नाही. शेरा मारायचा, तक्रार अपात्र. तीन मिनिटाचं काम!"

"तुमच्या गाठीतलीबी ओळ उकरली त्यायनं. जीन झोपला नाही, मामाजी. ज्या गुणसूत्रावर तो असते, त्याचा तेवढा तुकडाच गाठीतल्या पेशींनी हरवून टाकला. मायबापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींतला. उठवायले तिथं कोणी नाहीच."

किसनरावांनी पिशवीतून डोकावणाऱ्या रिपोर्टवर बोट ठेवलं.

"म्हंजे अपात्र," किसनराव म्हणाले.

"या एका औषधाले. दुसरे उपाय हायेत."

ते बाहेर पाहत राहिले. "इथंच पुंजारामचं वावर. पायच धरले होते माहे. म्हणे, सायेब, एकच ओळ पाह्यली, दुसरी उकरून पाहा. म्या म्हटलं, माह्या मांगं धा गावं हायेत, बापू. अन् मारला शेरा."

हा किस्सा ते लग्नाकार्यात सांगत आणि इथवर आले की पोट धरून हसत. आज हसले नाहीत.

"रश्मी, त्या डॉक्टरीणबाईनं गाठ कितीक जागी टोचून पाह्यली वं?"

"एका."

"सारी गाठ एकसारखीच असते काय?"

"नाही. एका कोपऱ्यात हरवलेलं दुसऱ्यात असूबी शकते. पण भरवसा नाही, मामाजी."

"मंग डॉक्टरीणबाईले फोन लाव." ते तिच्याकडे वळले. "म्हणावं, दुसरी ओळ उकरून पाहा."

रश्मीनं मित्राला खांद्यावर घेऊन फोन लावला. पलीकडे रिंग वाजत होती. समोर नुसती सीटची पाठ होती, तरी किसनरावांचे हात जोडलेले होते.